शिक्का आणि प्रारब्ध

वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथेच रचला, असे परंपरा सांगते. प्रयत्नाचा एवढा आग्रह धरणारा ग्रंथ ज्या मुलखात वाचला जातो, तिथे तरी महमूद गवानचा मृत्यू ‘प्रारब्ध’ म्हणून सोडून देऊ नये. इराणातल्या गिलानचा हा व्यापारी १४५३ मध्ये दाभोळला उतरला आणि पुढे बिदरला बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ केले, तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या शिक्केदाराकडून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या गजपतीला चढाईचे आमंत्रण लिहिले. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की राजद्रोहाला शिक्षा काय, या सुलतानाच्या प्रश्नाला ‘मृत्यू’ हे उत्तर गवाननेच दिले. पत्र पुढे आल्यावर, शिक्का माझा पण मजकूर माझा नाही, एवढेच तो म्हणाला. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याला मारले.

कोकणातला वाचक म्हणेल, खेळणा आणि संगमेश्वर जिंकताना याच्या फौजांनी काय कमी माणसे मारली? केले तेच फेडले. हा आक्षेप जड आहे, तरी टिकत नाही. शिक्षा गुन्ह्यासाठी असते. न केलेल्या फितुरीबद्दल मारल्याने कोकणातल्या कुणालाही न्याय मिळाला नाही. सुलतान मुहम्मदशाह वर्षभरात मेला, राज्य फुटले, यात कर्मफळ शोधणाऱ्यांनी पुढचेही पाहावे: कटाचा सूत्रधार निजामुल्मुल्क मारला गेला खरा, पण त्याच्याच मुलाने अहमदनगरची गादी उभारली. असा हिशेब हवा तिथे थांबवला, की हवी ती बेरीज येते.

त्या काळी सुलतानाला आवर घालणे शक्यच नव्हते, असेही म्हणतात. पण साक्षीपुराव्याची अट इस्लामी न्यायशास्त्रात होतीच, आणि सुलतान अल्पवयीन असताना राजमाता व दोन वजिरांनी मिळून कारभार चालवला होता. त्या दोघांतला एक गवान होता. म्हणजे सत्ता वाटून घेता येते, हे त्याने स्वतः अनुभवले होते. तरीही सरदारांचे हात बांधताना त्याने सुलतानाचा हात मोकळाच ठेवला. माझ्या मते त्याची चूक नियतीची नव्हती, कारभाराची होती. सुलतानाचा गुन्हा मात्र त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.