घसरण आणि अपराध

काही वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्याच सरीत आम्ही डोंबिवलीहून ठाण्यास येत होतो. शिळफाटा मागे टाकून मुंब्र्याच्या बाह्यवळण रस्त्यास लागलो, आणि पारसिकच्या डोंगरालगतच्या उतारावर आमच्या गाडीने आमचे ऐकणे अकस्मात सोडून दिले. ब्रेक दाबला तो व्यर्थ, स्टीअरिंग फिरविले तेही व्यर्थ. गाडी आडवी होऊन कठड्यापाशी थांबली. क्षणभराने त्याच जागेवरून छत्री सावरीत दोन मजूर चालत गेले.

घरी येऊन ‘देवाने तारले’ असे आम्ही म्हटले व चहा घेतला. परंतु त्या मजुरांनी चार पावले आधी उचलली असती, तर आम्ही अपराधी ठरलो असतो. मग ती उचलली नाहीत, एवढ्यावरून आम्ही निरपराध ठरतो काय?

चाकावरील खाचांचे काम पाणी बाहेर लोटण्याचे. खाचा झिजल्या आणि वेग असला, की पाण्यास वाट मिळत नाही. त्याचा पापुद्रा चाकाखाली शिरतो व चाकाचा रस्त्याशी असलेला संबंधच तुटतो. पहिल्या सरीत त्यात उन्हाळाभर साचलेले तेल व धूळ यांची भर पडते. मोटारीच्या टायरवर खाच निदान 1.6 मिलीमीटर असावी, दुचाकीच्या 0.8, असा आपल्याकडे नियम आहे. आमची खाच त्याहून उथळ झाल्याचे टायरवाल्याने वैशाखातच नखाने दाखविले होते. ‘‘साहेब, पावसाआधी बदला,’’ असे तो म्हणाला. ‘‘पाऊस येऊ तर दे,’’ असे आम्ही म्हणालो.

1976 साली बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी नीतीतील दैवाचा हा प्रश्न मांडला. नेगेलचा ट्रकवाला ब्रेक तपासून घेण्याची हयगय करतो. मूल आडवे आले नाही तर ती हयगय क्षुल्लक, आले तर जन्माचा डाग. मेलेल्याचे घर उघडे पडते, तेव्हा कायद्याने परिणामाकडे पाहावे, हे आम्हांस मान्य आहे. मनाने मात्र कायद्याची सवलत घेऊ नये. हातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणे न फेकणे आपल्या हाती होते, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. आमचा दगड उतारावर सुटलाच नव्हता. तो वैशाखात, कोरड्या रस्त्यावर सुटला होता.

‘रस्तेच तसले’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, घोडबंदर रस्त्यावर पाणी तुंबते त्यास गाडीवान काय करील? रस्ता बांधणारांनाही त्यांचा वैशाख असतोच. पण ज्यास रस्ता ठाऊक आहे, त्यास ही सबब निम्मीच लागू पडते. आणि कल्याण स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याचे काय? त्याचा नवा टायर म्हणजे घरातील कित्येक दिवसांचे धान्य. त्याच्या गुळगुळीत चाकाकडे पाहून त्यास दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. आम्हांस पैशाची अडचण नव्हती, केवळ आळस होता. आणि अडचण व आळस यांस एकाच तागडीत घालणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही टायर बदलावयास गेलो. टायरवाला काही बोलला नाही. जुने टायर उतरवून त्याने कोपऱ्यातील ढिगावर टाकले. त्या ढिगात आमच्या टायरांहूनही गुळगुळीत असे पुष्कळ होते.