न खाणाऱ्यास तुच्छ मानावें काय?

जो मनुष्य मांस खात नाहीं, त्याजविषयीं आपल्या मनांत कोणती भावना असावी, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या देशांत अन्नावरून माणसाची पायरी ठरविली गेली व त्या पायरीवरून त्याला पाणवठ्यापासून दूर ठेविलें गेलें, तेथें ताटाचा प्रश्न क्षुल्लक असूं शकत नाहीं. म्हणून खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनीं व उपदेशक बंधूंनीं त्याचा शांतपणें विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

भिवंडीचेंच उदाहरण घ्या. तेथें यंत्रमागांवर राबणारे पुष्कळ कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरच्या प्रांतांतून आलेले आहेत. घर मागें राहिल्यामुळें ते महिन्याचे पैसे भरून भिशींत, म्हणजे खानावळींत, जेवतात. शहराबाहेर आगरी गांवांत सुकी मासळी घरोघर असते. आणि त्याच गांवांत तुळशीची माळ घालून मासळी व दारू सोडलेले वारकरीहि असतात. अशा ठिकाणीं न खाणारा मनुष्य सहज नजरेंत भरतो. कोणी त्याला दुबळा म्हणतो, कोणी ढोंगी म्हणतो, कोणी ‘गळ्यांत माळ, पोटांत काळ’ ही म्हण त्याला ऐकवितो. जो दूध, तूप व मध हींहि वर्ज्य करितो, व ज्याच्या पंथाला १९४४ सालीं इंग्लंडांत ‘व्हीगन’ हें नांव मिळालें, त्याला तर शाकाहारी लोकहि हंसतात.

हा तिरस्कार कोठून येतो, तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांना त्यांच्या अन्नावरून अपवित्र ठरविण्यांत आलें. मेलेलीं गुरें ओढण्याचें काम ज्यांच्यावर लादलें, त्यांनाच त्या मांसाबद्दल हिणविलें. मार्च १९२७ मध्यें महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं मृत जनावरांचें मांस सोडण्याचा उपदेश केला, तो उच्च म्हणविणाऱ्यांची मर्जी संपादण्यासाठीं नव्हे, तर स्वाभिमानासाठीं. आजहि कित्येक ठिकाणीं मांसाहारी कुटुंबास भाड्यानें घर नाकारलें जातें. गाईच्या वधास बंदी होतीच. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रांत बैल व वळू यांच्या वधासहि कायद्यानें बंदी आली, आणि गरिबाच्या ताटांतील एक स्वस्त अन्न गेलें. अशा अनुभवांतून आलेला मनुष्य शाकाहारी शेजाऱ्याच्या ताटांत केवळ भाजी पाहत नाहीं. त्याला तेथें जुना अपमान दिसतो. हें दुःख खरें आहे. परंतु जखम खरी असली, म्हणून समोर बसलेला प्रत्येक मनुष्य ती जखम करणारा ठरत नाहीं.

या बाबतींत पंडिता रमाबाईंचें चरित्र आपणांस फार शिकवितें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरहि त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. ज्या भगिनीमंडळांत त्या राहत होत्या, तेथील सिस्टर जेराल्डिन यांना हा जातीचा उरलेला गर्व वाटला. रमाबाईंचें उत्तर त्यांच्या छापलेल्या पत्रव्यवहारांत आहे. त्याचा आशय असा कीं, एखादी इंग्रज बाई हिंदु लोकांत राहावयास गेली, आणि शेजाऱ्यांस उपद्रव न देणाऱ्या आपल्या चालीरीति तिनें राखल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? पुढें काय झालें, तें आपण जाणतां. १८९६-९७ च्या दुष्काळांत ह्याच बाईंनीं उपाशी मुलींना शोधून आणिलें, व केडगांव येथील मुक्तिसदनांत सर्व जातींच्या स्त्रियांना आश्रय दिला. जो गर्व लोकांनीं त्यांच्या ताटांत पाहिला, तो त्यांच्या हातांत कधींच दिसला नाहीं. तेव्हां ताट पाहून अंतःकरण ओळखतां येतें, हा समज सोडून दिला पाहिजे.

कोणी शास्त्राचा आधार दाखवील कीं, रोमकरांस पत्राच्या चवदाव्या अध्यायांत भाजीपाला खाणाऱ्यास पौलानें विश्वासांत दुर्बळ म्हटलें आहे. खरें, परंतु ती दुर्बळता कशांत आहे, तें पाहा. अन्नानें मनुष्य विटाळतो, ही भीति ती दुर्बळता होय. जो प्राण्यांची दया येते म्हणून, प्रकृतीसाठीं, अथवा लहानपणापासून संवय नाहीं म्हणून मांस खात नाहीं, त्याच्या ठायीं ती भीति नाहीं. १८०९ सालीं इंग्लंडांत सॅलफर्ड येथें स्थापन झालेल्या ‘बायबल ख्रिश्चन’ मंडळीनें आपल्या सभासदांना मांस वर्ज्य सांगितलें होतें. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी आजहि शाकाहाराचा पुरस्कार करिते. पुण्यांतील स्पायसर विद्यापीठ त्याच मंडळीचें आहे. त्यांचें मत आपण स्वीकारावें असें नाहीं, परंतु त्यांना जातीचे अभिमानी कोण म्हणेल?

शिवाय त्याच अध्यायांत प्रेषित दोन निरनिराळ्या पापांविषयीं सावध करितो. खाणाऱ्याचा मोह न खाणाऱ्यास तुच्छ मानण्याचा. न खाणाऱ्याचा मोह खाणाऱ्यास दोष लावण्याचा. या देशांत दुसऱ्या पापानें पिढ्यानपिढ्या जुलूम केला आहे. परंतु त्याचा उतारा पहिलें पाप हा नव्हे.

समजा, एखाद्या गांवीं माळ घालणारा मनुष्य जिज्ञासु होऊन मंडळींत येऊं लागला. प्रीतिभोजनाच्या दिवशीं लोक त्याच्या पानावर मटणाची फोड ठेवतात व म्हणतात, “हें खा, म्हणजे तूं आमचा झालास.” त्या मनुष्यानें ती फोड खाल्ली, तर तो कशाच्या द्वारें आंत आला? विश्वासाच्या, कीं मांसाच्या? आणि त्यानें खाल्ली नाहीं, तर आपण त्याला कोणत्या कारणानें बाहेर ठेवणार? ज्या अन्नाच्या कसोटीनें आपल्या आजोबांना दाराबाहेर बसविलें, तीच कसोटी उलटी करून आपण दारांत उभे राहिलों, असें होईल. सक्तीनें खावविणारी मोकळीक ही मोकळीक नव्हे; ती नवी जात आहे.

मग गर्वानें न खाणारा ओळखावा कसा? कसोटी आहे, परंतु ती ताटांत नाहीं, पंगतींत आहे. तो आपल्या शेजारीं त्याच पंगतीला बसतो काय? त्याच हंड्यांतील पाणी पितो काय? आपल्या घरीं भाकरी व चटणी आनंदानें घेतो काय? आपल्या मुलांना त्याच्या अंगणांत खेळूं देतो काय? हें सर्व जो करितो, त्यानें मांस न खाल्ल्यानें कोणाचें कांहींएक उणें होत नाहीं. आणि हें जो करीत नाहीं, त्यानें मांस खाल्लें तरी त्याचा गर्व गेलेला नाहीं.

उपदेशक बंधूंनीं म्हणून तीन साध्या गोष्टी कराव्या. सणाच्या जेवणांत भाजीचें एक भांडें वेगळ्या पळीसह न मागतां ठेवावें. कोणी कां खात नाहीं, याची चौकशी पंगतींत करूं नये, व त्यावरून थट्टा होऊं लागल्यास ती थांबवावी. आणि न खाणाऱ्यासहि प्रेमानें सांगावें कीं, बाबा, वेगळें ताट मागितलेंस तर तें मिळेल. वेगळी पंगत मात्र मागूं नकोस.

ज्यांनीं स्वतः अपमान सोसला आहे, त्यांना दुसऱ्याचा अपमान लवकर दिसावा. तो दिसूनहि आपण हंसलों, तर आपल्या दुःखानें आपणांस कांहींच शिकविलें नाहीं, असें होईल. ताटें वेगळीं असोत. पंगत एक असूं द्या.