अंगण वाकडे असेल तर

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण एकट्या मराठीची नाही. हिंदीत आणि बांगलातही अंगणच वाकडे असते. कन्नडमध्ये जमीन वाकडी होते, तर तेलुगूत नाचणारी वाद्यालाच नावे ठेवते. पडणाऱ्याने जागेला दोष देऊ नये, यावर इतक्या भाषांचे एकमत आहे. मात्र यांपैकी एकाही म्हणीत कोणी अंगण मोजून पाहत नाही.

छोट्या रेल्वेचा छंद असलेल्यांना ते मोजावे लागते. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या गाड्यांचा नाजूकपणा आठवेल. ‘एचओ’ या प्रचलित मापात गाडी मूळ गाडीच्या १:८७ प्रमाणात असते आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. इथला अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या रुळावर चार सेंटिमीटरांहून अधिक. इंजिन वारंवार घसरू लागले की पहिला संशय इंजिनावरच जातो, कारण पडताना तेच दिसते. रूळ जागच्या जागी शांत असतो.

अनुभवी माणूस लगेच इंजिन उघडत नाही. ते कुठे घसरते, हे तो आधी पाहतो. एकच इंजिन ठिकठिकाणी घसरत असेल तर दोष बहुधा त्याच्यात असतो: आसावरची दोन चाके जवळ सरकलेली किंवा दूर गेलेली असतात, किंवा पुढची लहान चाके नीट टेकत नसतात. सपाट काचेवर इंजिन ठेवले की कोणते चाक अधांतरी आहे ते दिसते. सगळीच इंजिने एका जागी घसरत असतील तर रुळांचा जोड किंवा सांधा तपासायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रूळ आणि चाक दोन्ही एकदम दुरुस्त केले तर गाडी धावेल, पण दोष कुणाचा होता ते कळणार नाही.

खरा पेच तिसऱ्या प्रकारात आहे. एकच इंजिन, एकाच जागी घसरते. बोगींवर चालणारी डिझेल इंजिने तिथून सहज जातात, कारण बोगी रुळाच्या चढउताराप्रमाणे वळते, झुकते. पण मोठ्या चाकांच्या तीन-चार जोड्या एकाच ताठ चौकटीत बसवलेले वाफेचे इंजिन तसे झुकू शकत नाही. रूळ किंचित पिळलेला असेल तर त्याचे एखादे चाक उचलले जाते आणि रुळावर चढते. इंजिन काचेवर निर्दोष ठरते. बाकीच्यांनी सोसलेला रुळाचा दोष त्याच्या पडण्यातून उघड होतो. अशा वेळी पडणाऱ्याला गुन्हेगार म्हणायचे की साक्षीदार?

यावर एक सोपा उपाय आहे. इंजिनात शिशाचा तुकडा चिकटवायचा. वजनाने चाक दबून राहते, गाडी पार होते आणि रूळ तसाच राहतो.

घरी गोंडी बोलणारे मूल पहिलीत मराठी पाठ्यपुस्तकासमोर बसते, तेव्हा मला हे शिसे आठवते. मूल अडखळते. वर्गातली बाकीची मुले अडखळत नाहीत, म्हणून शेरा त्याच्यावर बसतो: कच्चे आहे. मग जादा तास, जादा गृहपाठ. त्याने ते पुढे सरकेलही, आणि ती मदत नाकारावी असे मी म्हणणार नाही. पण पुस्तक कोणत्या घरातले बोलणे गृहीत धरून लिहिले आहे, हे कुणी तपासत नाही. पुढच्या वर्षी दुसरे मूल त्याच पानावर अडते.

म्हण सर्वस्वी खोटी नाही. काहींना खरोखरच नाचता येत नाही आणि अंगण ही त्यांची सबब असते. पण ती सबब आहे की साक्ष, हे म्हण उच्चारून ठरत नाही. त्यासाठी वाकून, डोळा रुळाच्या पातळीवर आणून पाहावे लागते. हे काम पडलेल्याकडून होण्यासारखे नाही. ते अंगणाच्या मालकाने करायचे असते, आणि म्हण बहुतेक वेळा त्याच्याच तोंडी असते.