उरलेले सहा दिवस

दिवाळी तोंडावर आली की घराला रंग काढावा अशी बुद्धी मला चार-पाच वर्षांतून एकदा होते. गेल्या वर्षी ती झाली, आणि अंबाडी नाक्यावरून मी एका रंगाऱ्याला बोलावून आणले. काम उक्ते ठरले. रंग माझा, हात त्याचा; दहा दिवसांत घर पुरे करायचे आणि आठ हजार रुपये घ्यायचे. चार दिवसांत भिंती घासून, पुट्टी भरून झाली. पाचव्या दिवशी पहाटे नाशिकहून थोरल्या बंधूंच्या आजारपणाची खबर आली. कुलूप लावून निघणे भाग होते. मी रंगाऱ्याच्या हातावर बत्तीसशे रुपये ठेवले आणि म्हणालो, "बाबा रे, काम आता थांबवू या." त्याने पैसे मोजले नाहीत. पत्रा नि ब्रश फडक्यात गुंडाळत एवढेच बोलला, "गुरुजी, पडघ्याचं एक काम मी तुमच्यासाठी सोडलं होतं."

स्वरात कुरकुर नव्हती. असती तर बरे झाले असते. कुरकुरीला उत्तर देता येते. ते वाक्य मात्र कसारा घाट चढेपर्यंत माझ्या शेजारी बसून होते.

माझा हिशेब चुकला होता का? चार दिवसांचे काम, चार दिवसांचे पैसे. पण त्रैराशिकात नाकारलेले काम कुठे मांडायचे?

नोकराचे निदान कागदावर तरी बरे असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली, आणि वर्षभर सलग राबलेल्या कामगाराला कमी करायचे तर महिन्याची आगाऊ सूचना किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार देणे मालकाला भाग पडले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो नियम ठेवला. रंगारी कुणाचा नोकर नाही. पण ही रेघ वाटते तितकी ठळक नसते. सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचे अगरिये मणामागे दराने मीठ पिकवीत, मदतीला माणसे स्वतःच आणीत. कंपनी म्हणे, हे मक्तेदार. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच मानले. कामावर देखरेख कुणाची, हे पाहिले. आता देखरेखीचे म्हणाल, तर मी चारही दिवस त्याच्या मागे उभा राहून "इथे राहिले, तिथे राहिले" करीत होतोच!

आमच्या भिवंडी-वाडा पट्ट्यात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या उपासमारीत बयाना उचलतात आणि पुढचा हंगाम तो फेडण्यात घालवतात. वेठबिगारीची असली कर्जे १९७६ च्या कायद्याने रद्द ठरवली; पण भाषा काही बदलली नाही. मजूर मुदतीआधी गेला तर तो 'पळाला'. मालकाने मुदतीआधी काम बंद केले, तर त्याला 'अडचण आली'. माझीही अडचणच होती, अगदी खरी. पण ती माझी होती, आणि तिचे सहा दिवस मी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून गाडीत बसलो होतो.

एक व्यापारी स्नेही म्हणाले, "उक्ते काम घेणारा जोखीम धरूनच दर सांगतो." युक्तिवाद खोटा नाही. गिऱ्हाईक न मिळण्याची जोखीम त्याची, पावसाळी हवेत भिंत न वाळण्याचीही त्याचीच. मात्र मिळालेले गिऱ्हाईक शब्द मोडील, ही जोखीम त्याने कधी पत्करली होती?

१८७२ च्या करार कायद्याचे त्र्याहत्तरावे कलम सांगते की करार मोडणाऱ्याने त्यातून सरळ होणारे नुकसान भरून द्यावे. मात्र ते टाळण्याचे जे मार्ग समोरच्याच्या हाती होते, तेही हिशेबात धरावेत. बंधूंना बरे वाटल्यावर मी परतलो, रंगाऱ्याला बोलावले आणि उरलेल्या सहा दिवसांचे अठ्ठेचाळीसशे त्याच्यापुढे ठेवले. तो गोंधळला. मग त्याने सोळाशे रुपये मोजून मला परत केले.

"दोन दिवस वज्रेश्वरीला काम मिळालं होतं. ते वजा."

नोटा खिशात घालून तो भिंतीपाशी गेला, बोट फिरवले आणि म्हणाला, "रंग काढायचाय ना, गुरुजी? पण धूळ बसलीय. परत घासावं लागेल. त्याचे वेगळे पडतील."