आवड आणि अभिनिवेश

एखादी गोष्ट आपणांस आवडते असें म्हणणें सोपें आहे. ती कां आवडते हें सांगणें अवघड आहे. आणि ती दुसरीपेक्षां श्रेष्ठ कां, हें सिद्ध करूं लागणें म्हणजे बहुधा कलहास आमंत्रण देणें होय. नाटक, संगीत, काव्य यांच्या रसिकांमध्यें असा कलह नेहमींच चालत आला आहे. आमच्या काळांत त्यानें अंतराळाचेंहि क्षेत्र व्यापलें आहे. अमेरिकेंत निर्माण झालेल्या ‘स्टार ट्रेक’ व ‘स्टार वॉर्स’ या दोन कथामालांच्या अभिमान्यांमध्यें गेलीं जवळजवळ पन्नास वर्षें जो वाद चालला आहे, त्याकडे पोरखेळ म्हणून दुर्लक्ष करणें सहज शक्य आहे. मला मात्र तसें करवत नाहीं. कारण हा वाद मीं एका घरांत अगदीं जवळून पाहिला, आणि त्यांत चित्रपटांहून मोठें असें कांहीं तरी पणाला लागलेलें मला दिसलें.

कांहीं वर्षांपूर्वीं मी माझ्या पुतण्याकडे कॅलिफोर्नियांत महिनाभर राहिलों होतों. पुतण्या व्यवसायानें इंजिनिअर, स्वभावानें शांत, मतांनीं उदार. विद्यार्थिदशेपासून तो ‘स्टार ट्रेक’चा भक्त. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा तितकाच निस्सीम ‘स्टार वॉर्स’चा. एके रात्रीं जेवणास चारपांच पाहुणे होते. बोलण्याच्या ओघांत मुलगा आपल्या आवडीच्या चित्रपटांतील एका प्रसंगाविषयीं मोठ्या उत्साहानें सांगूं लागला, तोंच पुतण्या हंसून म्हणाला, “अरे, त्यांत विचार करण्यासारखें आहे तरी काय? राजकन्या, जादूगार आणि तरवारी! लहान मुलांची परीकथा ती.” पाहुणे हंसले. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग, “बाबा, माझें बोलणें पुरतें ऐकून तरी घ्यावयाचें होतें,” एवढेंच म्हणून तो ताटावरून उठला आणि आपल्या खोलीचें दार त्यानें धाडकन् लावून घेतलें. तें दार दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत उघडलें नाहीं.

त्या दाराकडे मी पुन्हां येणार आहें. तत्पूर्वीं, ज्या वाचकांस या कथांचा परिचय नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगणें अवश्य आहे. ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं अमेरिकेंत सुरू झाली. तिचा जनक जीन रॉडनबेरी. दुसऱ्या महायुद्धांत यानें बाँबफेकी विमान चालविलें होतें, आणि पुढें लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यांत नोकरी केली होती. युद्ध व गुन्हेगारी इतक्या जवळून पाहिलेल्या या मनुष्यानें जें भविष्य कल्पिलें, त्यांत मात्र पृथ्वीवरील माणसें आपसांतलीं युद्धें मागें टाकून एका जहाजांतून नवीं जगें पाहावयास निघालेलीं आहेत. त्या जहाजावर आफ्रिकन स्त्री अधिकारी आहे, आशियाई वंशाचा सुकाणूधारी आहे, आणि अमेरिका व रशिया यांचें शीतयुद्ध चालू असतां दुसऱ्या वर्षापासून एक रशियन तरुणहि आहे.

‘स्टार वॉर्स’ हा जॉर्ज ल्यूकसचा चित्रपट २५ मे १९७७ रोजीं आरंभीं अवघ्या ३२ चित्रपटगृहांत लागला, आणि पाहतां पाहतां त्यानें जग जिंकलें. त्याची कथा भविष्यांतील नव्हे, तर फार पूर्वींची, असें प्रारंभींच सांगितलेलें असतें. लहानपणीं पाहिलेलीं फ्लॅश गॉर्डनचीं साहसें, अकिरा कुरोसावाचा १९५८ सालचा एक जपानी चित्रपट, आणि जोसेफ कॅम्बेल यानें केलेलें पुराणकथांचें विवेचन, यांचे संस्कार ल्यूकसनें या कथेंत उतरविले. एका शेतकऱ्याच्या घरीं वाढलेला मुलगा दुष्ट साम्राज्याविरुद्ध उभा राहतो. आणि १९८० सालच्या दुसऱ्या चित्रपटांत त्यास कळतें कीं, त्या साम्राज्याचा अत्यंत क्रूर सेवक हाच आपला पिता होय.

या दोहोंची तुलना करणारांचा एक वर्ग शास्त्राचा आधार घेतो. कोणाचें जहाज अधिक वेगवान, कोणाचें शस्त्र अधिक संहारक, दोन्ही आरमारें समोरासमोर आलीं तर जय कोणाचा, याचे हिशेब हे लोक हिरिरीनें मांडतात. ‘स्टार वॉर्स’मधील एक वीर आपल्या जहाजाच्या वेगाची बढाई मारतांना ‘पार्सेक’ हें माप वापरतो. पार्सेक हें काळाचें नसून अंतराचें माप आहे. एक पार्सेक म्हणजे सुमारें सव्वातीन प्रकाशवर्षें. तेव्हां या शास्त्रास प्रतिपक्ष खो खो हंसतो. परंतु हंसणाराच्या घरींहि फारसें निराळें नाहीं. ‘स्टार ट्रेक’मध्यें माणसें एका जागीं अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होतात, त्या यंत्राची कल्पना कोणत्या प्रयोगशाळेंतून आलेली नाहीं, दर आठवड्यास जहाज नव्या ग्रहावर उतरवून दाखविणें फार खर्चाचें पडलें असतें, म्हणून ती निघाली. तात्पर्य, दोन्हीकडे शास्त्र हें कथेचें दास आहे. लेखकास जेवढा वेग हवा तेवढा जहाजास असतो. दोन कल्पित बलांस तोलणारा समान कांटा कोठेंच नसल्यामुळें हा वाद कितीहि लांबला तरी निकालास येणार नाहीं. गंमत म्हणून तो अवश्य करावा. त्यांत कोणाचें नुकसान नाहीं.

दुसरा वर्ग नीतीचा आधार घेतो, आणि त्याचें म्हणणें गंभीरपणें ऐकिलें पाहिजे. डेव्हिड ब्रिन या अमेरिकन विज्ञानकथालेखकानें १९९९ सालीं एक निबंध लिहून ‘स्टार वॉर्स’वर कडक आक्षेप घेतले. त्यांचा आशय असा कीं, या कथेंत जगाचें भवितव्य जन्मतःच असामान्य शक्ति लाभलेल्या मूठभर लोकांच्या हातीं असतें, सामान्य प्रजेस तेथें फारसें मोल नाहीं. आणि असंख्य जीवांचा घात करणारा मनुष्य शेवटीं आपल्या मुलाचे प्राण वांचवितो, एवढ्यावर पावन ठरतो. उलट ‘स्टार ट्रेक’मध्यें अधिकाऱ्यासहि जाब द्यावा लागतो, तेथें कायदा आहे, चौकशी आहे, आणि चुकलेल्या संस्था सुधारतांहि येतात. लोकशाहींत राहणारांनीं आपल्या मुलांस कोणती कथा सांगावी, हा यांतून निघणारा प्रश्न खचित पोरकट नव्हे. माझ्या पुतण्याच्या थट्टेमागेंहि, त्यानें शब्दांत मांडला नसला तरी, हाच विचार होता.

या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. तथापि मला वाटतें कीं, येथें दोन निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें एकाच तराजूंत टाकलीं गेलीं आहेत. ‘आपण सर्वांनीं एकत्र कसें राहावें?’ हा एक प्रश्न. ‘दुसरा कोणी साह्यास नसतां मीं एकट्यानें या क्षणीं काय करावें?’ हा दुसरा. पहिला समष्टीचा, दुसरा व्यष्टीचा. ‘स्टार ट्रेक’ मुख्यतः पहिल्याचें उत्तर शोधते, ‘स्टार वॉर्स’ दुसऱ्याचें. या दोन प्रश्नांपैकीं कोणता श्रेष्ठ, असें विचारणें व्यर्थ आहे. उत्तम कायदा कागदावर असला तरी तो राबविणारीं माणसें ऐन वेळीं भ्यालीं तर तो कागदावरच राहतो. आणि एकट्या वीरानें जुलमी राजास पदच्युत केलें, पण त्यामागून कायदा उभा केला नाहीं, तर त्याच सिंहासनावर दुसरा जुलमी येऊन बसतो.

याचा पुरावा पुढें या कथामालांनींच दिला. ‘स्टार ट्रेक’च्या परिवारांतील ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या १९९८ सालच्या एका भागांत एक सज्जन सेनानी, हरत चाललेलें युद्ध जिंकण्यासाठीं, खोटा पुरावा तयार करवून एका तटस्थ राष्ट्रास युद्धांत ओढतो. त्यापायीं खून होतात. त्याचा हेतु सफल होतो, कोणी त्यास दोष देत नाहीं. आणि तो एकटा बसून स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीपुढें साक्ष देतो व ती साक्षहि पुसून टाकतो. संस्थांच्या या जगांत अखेर एकट्या माणसाचा प्रश्न उभा राहिला. इकडे ‘स्टार वॉर्स’च्या परिवारांत २०२२ व २०२५ सालीं ‘अँडॉर’ ही मालिका आली. तींत दिव्य शक्तीच्या योद्ध्यांस जवळजवळ स्थानच नाहीं. तेथें साम्राज्य म्हणजे कचेऱ्या, अहवाल, बढतीसाठीं धडपडणारे अधिकारी आणि पाळीपाळीनें राबणारे कैदी. वीरांच्या या जगांत अखेर संस्थांचा प्रश्न आला. दोन्ही कथा प्रौढ होऊं लागतांच प्रत्येकीस दुसरीच्या प्रश्नाकडे वळावें लागलें, हें मला फार बोधप्रद वाटतें.

मग तुलना करूंच नये काय? ‘ज्याची त्याची आवड’ असें म्हणून हा विषय मिटविणारे लोक पुष्कळ आहेत. हें मत सभ्य दिसतें, पण त्यांत थोडा आळस आहे आणि थोडी उपेक्षाहि आहे. दुसऱ्याची आवड ही विचारण्यासारखी गोष्टच नाहीं, असें आपण त्यांत सुचवीत असतों. शेजारीं दुसरी गोष्ट ठेवल्यावांचून आपल्या गोष्टीचे गुण आपणांसहि नीट दिसत नाहींत. निर्मात्यांनीं तर हा भेद कधींच फारसा मानला नाहीं. ‘स्टार वॉर्स’साठीं ल्यूकसनें १९७५ सालीं जी चमत्कृतिदृश्यांची कर्मशाळा काढली, तिनेंच १९८२ सालच्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाचीं दृश्यें सजविलीं. जे. जे. एब्रम्स या एकाच दिग्दर्शकानें २००९ सालीं ‘स्टार ट्रेक’ आणि २०१५ सालीं ‘स्टार वॉर्स’ पुन्हां उभें केलें. २०११ सालीं विल्यम शॅटनर व कॅरी फिशर हे दोन पक्षांचे कलावंत विनोदानें एकमेकांस चिमटे घेऊं लागले, तेव्हां ‘स्टार ट्रेक’मधील जॉर्ज टाकेई यानें तितक्याच विनोदानें उभयतांस तहाचें आवाहन केलें. घरधनी असे हंसतखेळत असतां द्वारपालांनीं मात्र तरवारी उपसाव्या, हें चमत्कारिक नव्हे काय?

दोष तुलनेंत नाहीं, अभिनिवेशांत आहे. आवड मनुष्यास आपल्या आवडत्या वस्तूच्या सेवेस लावते; अभिनिवेश त्या वस्तूसच आपल्या अहंकाराच्या सेवेस लावतो. बाहेरून दोहोंचा आवेश सारखाच दिसतो. ‘स्टार ट्रेक’ बंद पडणार अशी वार्ता पसरतांच चाहत्यांनीं पत्रांचा असा वर्षाव केला कीं, मार्च १९६८ मध्यें ती पुढें चालू राहील असें वाहिनीस जाहीर करावें लागलें. १९७६ सालीं अमेरिकेच्या पहिल्या चांचणी-शटलास ‘एंटरप्राइज’ हें कथेंतील जहाजाचें नांव मिळालें, तेंहि चाहत्यांच्या पत्रांमुळेंच. ही आवड होय. आतां दुसरी बाजू पाहा. १९९९ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत जार जार बिंक्स ही विनोदी भूमिका करणाऱ्या अहमद बेस्ट या नटावर इतका तिरस्कार ओतला गेला कीं, आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलों होतों, असें त्यानें २०१८ सालीं सांगितलें. त्याच वर्षीं केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीनें, वंशावरून व रूपावरून झालेल्या शिवीगाळीनंतर, समाजमाध्यमावरून आपलें सारें लिखाण काढून घेतलें. ही शिवीगाळ करणारे त्या कथेचे शत्रु नव्हते. आपण तिचे रक्षक आहों, असेंच त्यांपैकीं कित्येक समजत होते. क्रोधानें व द्वेषानें मनुष्य कसा नाश पावतो, हें जी कथा सांगते, तिच्या रक्षणासाठीं क्रोध व द्वेष!

आतां त्या बंद दाराकडे येतों. पुतण्याची आवडती मालिका १९६८ पासून असें शिकवीत आली आहे कीं, भिन्नतेचा अनंत विस्तार हेंच विश्वाचें सौंदर्य होय, आणि परक्यास हंसण्यापूर्वीं त्याची भाषा समजून घ्यावी. त्याच मालिकेच्या भक्तानें आपल्या घरांतील, आपल्या ताटाशेजारच्या भिन्नतेस पाहुण्यांदेखत हंसून दाखविलें. मुलाचा आवडता नायक अखेरीस क्रोध टाकून देतो. आणि त्या नायकाच्या भक्तानें क्रोधानें दार आपटलें. त्या रात्रीं कोणती कथा श्रेष्ठ ठरली तें मला सांगतां येत नाहीं. पण दोघांनींहि आपापली कथा मोडली, हें मात्र खास.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुतण्यानें दारावर टकटक केली आणि म्हणाला, “काल तूं काय सांगत होतास, तें पुरें सांग.” मुलानें बराच वेळ आढेवेढे घेतले; मग सांगितलें. तो १९८३ सालच्या चित्रपटाच्या शेवटाविषयीं बोलत होता. नायकानें पित्यास खालीं पाडलें आहे, एक वार पुरे आहे. आणि तो शस्त्र फेकून देतो. पुतण्यानें आपला जुना आक्षेप काढला, “पण इतक्या लोकांच्या मारेकऱ्यास अशी क्षमा करणें हा न्याय कसा?” मुलगा म्हणाला, “बाबा, तो त्याची शिक्षा माफ करीत नाहीं. त्याला पित्याचा तुटलेला यंत्राचा हात दिसतो, आणि मग स्वतःचाहि हात दिसतो. आपण त्याच्यासारखे होत चाललों आहों, हें त्याला कळतें. म्हणून तो थांबतो.”

पुतण्या कांहीं वेळ बोलला नाहीं. नंतर त्यानें कबूल केलें कीं, हा प्रसंग आपण अनेकदां पाहिला, पण असा कधीं पाहिला नव्हता. त्याचें मत पालटलें नाहीं. आजहि तो ‘स्टार ट्रेक’च श्रेष्ठ मानतो, आणि मुलगाहि आपला पक्ष सोडीत नाहीं. दोघे अजून वाद घालतात, असें मी फोनवरून ऐकतों. मात्र आतां दोघेहि दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत थांबतात.

आपली आवड दुसऱ्याच्या आवडीहून मोठी कीं लहान, याचा निर्णय कोण देणार? परंतु त्या आवडीनें आपणांस मोठें केलें कीं लहान, हें ज्याचें त्यास, थोडें थांबून पाहिल्यास, बहुधा कळतें. तुलना करावयाचीच असेल तर तिचा आरंभ तेथून व्हावा.