उद्याच्या पस्ताव्याआधी

(शास्त्रपाठ : मत्तय 5:23-24, 27:24)

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे हळहळण्याची पाळी येऊ नये म्हणून करावयाचे ते आजच करावे, हा तिचा बोध. बोध खरा आहे. परंतु ख्रिस्ती माणसाने एवढ्यावरच थांबावे काय? उद्या आपल्याला दुःख होऊ नये, केवळ या हेतूने केलेले काम देवापुढे पुरे पडते काय? माळव्यातील देवास व धार या दोन जुन्या मराठी संस्थानांकडे पाहून या प्रश्नाचा विचार करू.

देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार हे प्रेमळ व भाविक गृहस्थ होते. 1921 साली इंग्रज कादंबरीकार ई. एम्. फॉर्स्टर त्यांचे खाजगी चिटणीस होते. त्यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत महाराजांविषयीची माया पानोपानी दिसते. पण तेथेच नव्या वाड्याची हकीकतही आहे. एकीकडे बांधकाम चालूच होते, आणि दुसरीकडे काही वर्षांपूर्वी बांधलेला भाग ढासळू लागला होता. पुढे संस्थान कर्जात बुडाले. घरातही तेढ वाढली; 1927 साली युवराज देवास सोडून गेले. अखेर 1933 साली महाराज फ्रेंच अमलातील पाँडिचेरीस गेले ते परत आले नाहीत. 1937 साली ते तेथेच वारले. त्यांच्या अंतःकरणात काय होते ते देव जाणे. त्यांचा न्याय करणे आपले काम नव्हे. परंतु ढासळलेले तसेच ठेवून पुढे बांधीत राहावयाचे, ही खोड आपल्या घरांत व मंडळ्यांत नाही काय?

आमच्यात ती होती. शब्बाथ शाळेत आम्हांस शिकविणारे एक वृद्ध गुरुजी आजारी होते. त्यांनी दोनदा निरोप पाठविला. “पुढच्या रविवारी नक्की येतो,” असे आम्ही दोन्ही वेळा कळविले. पुढच्या रविवारी आम्ही गेलो ते त्यांच्या दफनविधीस. तेथे आम्ही भाषण केले व लोकांनी ते वाखाणिले. परंतु ज्यांनी ते ऐकावयास हवे होते, ते ऐकत नव्हते.

त्यानंतर काही महिने आम्ही आजाऱ्यांच्या भेटी घेत सुटलो. पण खरे सांगावयाचे तर, अंथरुणावरच्या माणसापेक्षा आमचेच मन आमच्या डोळ्यांपुढे अधिक असे. भेट झाली, आता आपल्याला बोल लागणार नाही, एवढेच समाधान घेऊन आम्ही परतत असू. तेव्हा पिलाताची आठवण झाली. पिलातानेही दिरंगाई केली नाही! पुढे आपल्यावर दोष येऊ नये म्हणून त्याने त्याच दिवशी, सर्वांदेखत, पाणी घेऊन हात धुतले. पस्ताव्यापासून स्वतःला वाचविण्याचा उपाय त्याने वेळेवर केला, पण समोर उभ्या असलेल्या निरपराध्याला वाचविले नाही.

आता धारकडे पाहू. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळीने पाठविलेल्या डॉ. मार्गारेट ओहारा 1891 साली हिंदुस्थानात आल्या आणि पुढे धार येथे स्त्रियांच्या इस्पितळात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांनाही त्यांनी आश्रय दिला. भुकेले मूल दारात उभे असता ‘पुढच्या रविवारी’ म्हणता येत नाही. उद्या आपल्याला काय वाटेल याचा हिशेब मांडावयासही तेथे सवड नसते. मुलाला आज पेज हवी असते, म्हणून ती आजच द्यावयाची.

वाचकहो, यात आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. पस्ताव्याची भीती ही घंटेसारखी आहे. ती आपल्याला जागे करते, हे तिचे उपकार. पण जागे झाल्यावर घंटेकडेच पाहत बसावयाचे नसते; ज्याच्यासाठी ती वाजली त्याच्याकडे जावयाचे असते. प्रभूने वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाकडे जावयास सांगितले. तेथे त्याने आपल्या मनाला काय टोचते हे विचारले नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे काय, हे आठवावयास सांगितले.

तेव्हा येत्या प्रभुभोजनापूर्वी एक नाव मनात आणू या. बोलणे टाकलेला भाऊ असेल, सासरी एकटी पडलेली बहीण असेल. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, हजेरीपटावर तीन रविवार गैरहजर असलेले एखादे लेकरू असेल. त्याच्या घरी आजच जाऊ या. दार उघडेलच असे नाही; भाऊ तोंड फिरवील, किंवा आमच्यासारखा उशीरही झालेला असेल. उशीर झाला असेल त्याने निराश होऊ नये. कृपा गेलेला दिवस परत आणीत नाही, पण पुढचा दिवस आपल्या हाती देते. गुरुजींच्या पत्नी अजून आहेत. आम्ही दर गुरुवारी त्यांच्याकडे जातो. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून आम्ही बोलतो थोडे आणि बसतो पुष्कळ.