सोंग, शिशू आणि सत्य

पात्राधारित करमणूक-उद्यान, म्हणजे चित्रपुस्तकांतून आणि चित्रमालिकांतून मुलांच्या ओळखीची झालेली काल्पनिक पात्रे जेथे चालत्याबोलत्या रूपात भेटतात असे स्थळ, हा वरकरणी तत्त्वचिंतनाचा विषय वाटत नाही. परंतु दोन-अडीच वर्षांचे मूल अशा पात्राच्या भल्यामोठ्या सोंगासमोर उभे राहून त्याचा हात धरते, तेव्हा उपस्थित होणारा प्रश्न धर्मविचाराला फार पूर्वीपासून परिचित आहे. समोर दिसणारे रूप आणि त्या रूपातून भेटणारे म्हणून मानलेले अस्तित्व यांचा संबंध काय, हा तो प्रश्न होय. मूर्तिपूजेला, रामलीलेत राम-सीतेची भूमिका करणाऱ्या मुलांना वंदन करण्याच्या प्रथेला आणि मुखवटा चढताच नर्तकाला देव मानणाऱ्या बोहाड्यासारख्या विधिनाट्याला आपापल्या परीने त्याचे उत्तर द्यावे लागले आहे. उद्यानातील सोंगाला कोणी देव मानत नाही हे खरे. तरी लहान मुलाची बुद्धी तेथे नेमके काय करते, ती फसते, खेळते की या दोहोंहून वेगळे काही करते, आणि त्या क्षणी शेजारी उभ्या असलेल्या पालकाचे कर्तव्य काय ठरते, हे तपासण्याजोगे आहे.

या तपासासाठी जपानमधील ‘आनपानमान’ हे पात्र विशेष उपयुक्त ठरते, कारण ते प्रामुख्याने शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांचे पात्र आहे आणि त्याच्या कथेत एक गंभीर नैतिक विचार उघडपणे मांडलेला आहे. अझुकी या लहान लाल कडधान्याचे गोड पुरण भरलेल्या पावाला जपानमध्ये ‘आनपान’ म्हणतात. ज्याचे डोकेच असा पाव आहे, असा हा नायक भुकेलेला जीव दिसताच आपल्या चेहऱ्याचा तुकडा तोडून त्याला खायला देतो, त्यामुळे स्वतः दुबळा होतो, आणि पाव भाजणाऱ्या जॅमकाकांनी नवा चेहरा करून दिल्यावर पुन्हा उभा राहतो. ताकाशी यानासे (1919–2013) यांनी त्याचे मुलांसाठीचे चित्रपुस्तक 1973 मध्ये काढले आणि 1988 पासून त्याची चित्रमालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. योकोहामा येथील त्याचे बालसंग्रहालय 2007 मध्ये उघडले आणि 2019 मध्ये त्याच शहरात नव्या जागी गेले. नावाने संग्रहालय असले तरी तेथे काचेआड ठेवलेल्या वस्तूंपेक्षा खेळण्याच्या जागा, रंगमंचावरील कार्यक्रम आणि सोंगांच्या भेटी यांनाच महत्त्व आहे.

यानासे यांनी दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यातून चीनमध्ये नोकरी केली आणि त्यांचा धाकटा भाऊ त्या युद्धात मरण पावला. युद्धापूर्वी ज्याला न्याय्य म्हटले जात होते ते पराभवानंतर एका रात्रीत अन्याय्य ठरले, या अनुभवातून पक्ष बदलल्याने न पालटणारा न्याय कोणता, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. भुकेल्याला अन्न देणे हा तो न्याय होय, आणि तो करणाऱ्याला स्वतःला काही झीज सोसावी लागते, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. आरंभी काही प्रौढांना, त्यांत मुलांच्या शिक्षणाशी संबंधित असलेल्यांनाही, चेहरा तोडून देण्याची कल्पना क्रूर वाटली. अगदी लहान मुलांना मात्र ती तशी वाटली नाही आणि त्यांच्याच पसंतीमुळे हे पात्र टिकले. प्रौढाला त्यात देहाची विटंबना दिसली, तर मुलाला पाव दिसला. यात मुलाची समज उणी आहे असे समजणे घाईचे होईल, कारण कथेच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

स्वतःचा देह अन्न म्हणून अर्पण करण्याची ही कल्पना भारतीय वाचकाला नवी नाही. जातककथांमधील ससा अतिथीला देण्यासारखे दुसरे काही जवळ नाही म्हणून अग्नीत उडी घेतो आणि शक्र, म्हणजे इंद्र, त्याची आकृती चंद्रावर कोरतो. ही कथा बौद्ध साहित्याबरोबर जपानमध्येही पोहोचली. कबुतराच्या रक्षणासाठी स्वतःचे मांस कापून देणाऱ्या शिबी राजाची कथाही याच कुळातली आहे. तथापि या कथांमध्ये दान ही एकदाच घडणारी, दात्याच्या सत्त्वाची परीक्षा पाहणारी घटना असते आणि परीक्षा संपल्यावर एखादी दैवी शक्ती त्याचा गौरव करते. आनपानमानचे दान नित्याचे आहे, त्याची परीक्षा कोणी पाहत नाही, आणि त्याला पूर्ववत करणारा देव नसून भट्टीपाशी काम करणारा एक वृद्ध पाववाला आहे. त्यामुळे देणाऱ्यालाही कोणीतरी देत असते, म्हणजेच दान हे एकट्या वीराचे कृत्य नसून परस्परांच्या आधाराने चालणारा व्यवहार आहे, हा विचार येथे दृढ होतो. पुढील विवेचनात हा मुद्दा निर्णायक ठरतो.

आता मुलाच्या जाणिवेकडे वळता येईल. मूल साधारणतः आयुष्याच्या दुसऱ्या वर्षात लटका खेळ खेळू लागते, असे ज्याँ पियाजे यांनी नोंदवले. ॲलन लेस्ली यांनी 1987 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार केळ्याला दूरध्वनी मानणारे मूल केळ्याविषयीचे आपले खरे ज्ञान गमावत नाही. ‘हा दूरध्वनी आहे’ ही कल्पना ते त्या ज्ञानापासून विलग ठेवते. पण येथे एक महत्त्वाची मर्यादा आहे. एखादी वस्तू स्वतः वस्तू असून शिवाय दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह आहे, ही दुहेरी जाणीव लहान मुलाला अवघड जाते. ज्युडी डीलोच यांच्या प्रयोगात खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत लपवलेले खेळणे पाहून खऱ्या खोलीतील तशीच जागा शोधणे तीन वर्षांच्या मुलांना जमले, अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांना जमले नाही. पुढे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एका यंत्राने खोलीच आकसून लहान केली आहे असे त्याच वयाच्या मुलांना पटवून दिल्यावर ती खेळणे शोधू शकली, कारण आता त्यांच्या लेखी ती प्रतिकृती नसून तीच खोली होती. केळ्याचा दूरध्वनी मूल स्वतः कल्पिते. आनपानमानचे सोंग मात्र दुसऱ्या कोणीतरी कल्पून तयार स्थितीत त्याच्यापुढे आणलेले असते. म्हणून या वयाच्या मुलाला ते सोंग पात्राचे प्रतिनिधी म्हणून भेटत असेल, यापेक्षा ते पात्रच होऊन भेटत असण्याची शक्यता अधिक आहे.

नटाच्या ठिकाणी रामाची प्रतीती कशी होते, या प्रश्नाचा सूक्ष्म विचार काश्मीरच्या रसमीमांसकांनी केला आहे. शंकुक या आचार्याचे भाष्य आज उपलब्ध नाही, पण त्याचे मत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरील टीकेतून कळते. त्याच्या मते प्रेक्षकाची ही प्रतीती चार परिचित प्रकारांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही. हा खरोखर राम आहे असे ते सम्यक्, म्हणजे यथार्थ, ज्ञान नव्हे. नंतर बाधित होणारे, म्हणजे खोटे ठरून मागे घ्यावे लागणारे, मिथ्या ज्ञान नव्हे. राम असेल किंवा नसेल असा संशय नव्हे. आणि हा रामासारखा आहे असे सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातील घोडा पाहणारा त्याला घोडा म्हणतो, पण त्यावर बसायला जात नाही आणि आपण फसलो असेही त्याला वाटत नाही. या दृष्टान्तावरून या मताला ‘चित्रतुरगन्याय’ हे नाव मिळाले. शंकुकाच्या रसविषयक निष्कर्षावर अभिनवगुप्ताने टीका केली असली, तरी सत्य आणि भ्रम या दोनच कप्प्यांत अनुभवाची वाटणी करता येत नाही, हे शंकुकाने स्पष्ट केलेले तत्त्व मोलाचे आहे.

मात्र हा न्याय शिशूला जसाच्या तसा लावता येत नाही. शंकुकाचा प्रेक्षक नाट्यगृहात स्वेच्छेने आलेला असतो, पडदा, रंगभूषा आणि संगीत यांचे संकेत त्याला ठाऊक असतात, आणि त्या चौकटीच्या बळावरच त्याची प्रतीती भ्रमापासून दूर राहते. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची, म्हणजे रसास्वादाच्या आड येणाऱ्या अडथळ्यांची, गणना करताना प्रेक्षकाने दृश्यातील भाव स्वतःच्या व्यक्तिगत सुखदुःखाशी जोडणे हे एक विघ्न सांगितले आहे. भय हे अमक्या ठिकाणचे, अमक्या वेळचे आणि माझे असे न राहता सर्वसाधारण झाले तरच ते भयानक रसात परिणत होते. या प्रक्रियेला साधारणीकरण म्हणतात. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वीतभर दिसणारा लाडका आनपानमान अचानक दाराएवढा होऊन समोर येतो तेव्हा अनेक मुले किंचाळून पालकाच्या पायांना बिलगतात. त्यांचे भय साधारणीकृत नसते; ते पूर्णपणे त्यांचे स्वतःचे आणि त्याच क्षणाचे असते. चौकट ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला रस मिळत नाही, तर प्रत्यक्ष आनंद किंवा प्रत्यक्ष भीती मिळते.

असे असूनही उद्यानातील भेट ही निव्वळ भ्रांती ठरत नाही, कारण चौकट तेथे असतेच. ती मुलाच्या मनात नसून पालकाच्या मनात असते. सोंगाच्या आत माणूस आहे हे पालक जाणतो, मूल घाबरले तर त्याला उचलून दूर नेतो, त्याचे धैर्य वाढले की पुन्हा जवळ आणतो, आणि सोंगाने पुढे केलेला हात स्वतः आधी धरून दाखवतो. शंकुकाने एका प्रेक्षकाच्या ठिकाणी मानलेली प्रतीती येथे दोघांत विभागलेली असते, म्हणजे भेटीचा अनुभव मुलाचा आणि त्या अनुभवाची मर्यादा सांभाळणे पालकाचे, अशी ती वाटणी होते. म्हणून या भेटीच्या सत्यासत्यतेचा विचार एकट्या मुलाच्या बुद्धीवरून करणे अपुरे आहे. तो पालक आणि मूल यांच्या नात्यावरून करावा लागतो. ज्याला स्वतःची मालमत्ता सांभाळता येत नाही त्याच्या वतीने ती सांभाळणारा विश्वस्त असतो, तसा पालक येथे मुलाच्या विश्वासाचा विश्वस्त असतो.

यावर आक्षेप असा घेता येईल की पालक सत्य जाणत असून मौन बाळगतो, म्हणून तो असत्याचरणच करतो. या आक्षेपाला उत्तर देताना कल्पनेची चौकट सांभाळणे आणि फसवणे यांतील भेद करावा लागतो. फसवणाऱ्याला आपली चौकट कधीच उघडी पडू नये असे वाटते, तर विश्वस्ताची चौकट मुलाने विचारताच उघडता येण्यासारखी असते. पूजाविधीत आवाहन, म्हणजे देवतेला मूर्तीत येण्याची विनंती, आणि विसर्जन, म्हणजे तिला निरोप, ही दोन्ही अंगे असतात. पार्थिव गणेशमूर्तीची पूजा करणाऱ्या घरात मूल पूजाही पाहते आणि पाण्यात विरघळणारी मातीही पाहते, तरी त्यामुळे त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. आरंभ आणि अंत दोन्ही उघडपणे करणाऱ्या विधीला भ्रम जोपासण्याची गरज नसते. त्याच रीतीने ‘आत कोण आहे?’ असे मूल ज्या वयात विचारील त्या वयात त्याला खरे उत्तर देण्याची तयारी ही पालकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी आहे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अडीच वर्षांच्या मुलावर लादण्याने सत्याची सेवा होत नाही.

या कसोटीचा अधिक कठीण भाग व्यापाराशी संबंधित आहे. योकोहामाच्या संग्रहालयात एक वर्ष पूर्ण केलेल्या बालकालाही तिकीट लागते, तर दुकानांच्या भागात विनातिकीट जाता येते. विधीत जे विसर्जनाचे स्थान, ते उद्यानात विक्रीला मिळते, कारण भेट संपू नये आणि वस्तूच्या रूपाने घरी चालत राहावी, हे व्यवसायाच्या हिताचे असते. फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियार यांनी 1981 मध्ये डिस्नेलँडविषयी असा युक्तिवाद केला की उघडपणे काल्पनिक असलेले ते स्थळ बाहेरचे सारे जग खरे आहे असा समज पसरवण्यासाठी उभे असते. ही टीका प्रौढांच्या आत्मवंचनेला लागू पडते. शिशूच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी आणि अधिक साधी आहे. विनामूल्य देणाऱ्या नायकाची कथा त्याला विकत दिली जाते, आणि किंमत मोजली जात आहे हे त्याला दिसत नाही.

हा विरोध तेथील पावाच्या दुकानात सर्वांत स्पष्ट होतो. पात्रांच्या चेहऱ्यांच्या आकाराचे पाव तेथे विकले जातात आणि मूल आपल्या आवडत्या नायकाचा चेहरा प्रत्यक्ष खाते. सोंगाच्या बाबतीत रूप आणि वस्तू यांत अंतर होते, पावाच्या बाबतीत ते उरत नाही, कारण पाव खरा आहे, भूक खरी आहे आणि तृप्तीही खरी आहे. तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्माचा शोध घेणारा भृगू प्रथम अन्नालाच ब्रह्म म्हणून ओळखतो आणि पुढील पायऱ्या चढल्यावरही अन्नाचा मान राखण्याचे व्रत त्याच उपदेशात सांगितले जाते. मुलाच्या नैतिक शिक्षणाचा आरंभही याच पायरीवर होतो. परंतु येथे दाता कोण, हे नीट पाहिले पाहिजे. पाव सोंगाने दिलेला नाही. तो कोणा कामगाराने पहाटे भाजला आहे आणि पालकाने आपल्या कमाईतून घेतला आहे. देणाऱ्यालाही कोणीतरी देत असते, हे कथेतील तत्त्व सोंगाच्या आत नव्हे तर सोंगाबाहेर, भट्टीपाशी आणि पालकाच्या हातात, खरे ठरते.

यावरून पालकाच्या कर्तव्याविषयी दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की मुलाचा विश्वास दुसऱ्या हेतूंसाठी वापरणे, उदाहरणार्थ ‘भात संपवला नाहीस तर आनपानमान रागावेल’ अशी धमकी देणे, हा विश्वस्तपणाचा भंग आहे. त्यात चौकट मुलासाठी न सांभाळता मुलाविरुद्ध वापरली जाते, आणि कथेतील निरपेक्ष दात्यालाही सौदागर बनवले जाते. दुसरा असा की खरेदी किंवा नकार, जे काही असेल ते, पालकाने पात्राच्या आड न लपता स्वतःच्या नावाने करावे, म्हणजे देणारा आणि नाकारणारा कोण आहे हे मुलाला हळूहळू कळू लागते. अशा रीतीने वाढलेल्या मुलाला पुढे सोंगाच्या आत माणूस होता हे समजले, तरी त्याला मागे घ्यावे लागेल असे काही उरत नाही. ज्या ज्ञानाचा पुढे बाध होत नाही ते मिथ्या नव्हे, ही शंकुकाची कसोटी लावली तर भुकेल्याला देण्याविषयी या भेटीतून मिळालेली शिकवण सत्याच्याच बाजूला जाते. मात्र ती तेथे टिकते की नाही, हे त्या मुलाला घरच्या जेवणाच्या वेळी, दारी आलेल्या भुकेल्याशी वागणारे पालक कसे दिसतात, यावर अवलंबून राहते.